फौजेत राहून दारू सोडायची, तर सांगायचं कुणाला?

मागच्या महिन्यात आपण गावाकडच्या दारूबद्दल बोललो, तेव्हा तिघा-चौघांनी जवळपास एकच मेसेज पाठवला: "आमच्या घरातला माणूस मिलिटरीत आहे, त्याच्याबद्दल पण बोला." तर आज तेच.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि फौजीही नाही. बीटेक करून पुण्यात कोड लिहिणारा माणूस आहे. पण आमचं गाव परंडा तालुक्यातलं. दहावीच्या आमच्या वर्गातली पाच पोरं सैन्यात गेली. त्यातल्या एकानं दारू सोडली, तीही नोकरीत राहून. त्याला विचारूनच हा एपिसोड करतोय. "नाव सोडून सगळं सांग," म्हणाला.

आमच्याकडं जवान सुट्टीवर आला की काय होतं, ते धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. एसटीतून उतरतो न उतरतो तोच पहिला प्रश्न, "काय आणलं?" म्हणजे कॅन्टीनची बाटली. ती स्वस्त असते, अस्सल असते, आणि तिचा मान असतो. दाजीला एक, चुलत्याला एक, ग्रामपंचायतीत काम अडलंय तिथं एक. जवानाला दर महिन्याला कोटा मिळतो आणि सगळं गाव त्या कोट्यावर डोळा ठेवून असतं. मग तोच जवान म्हणाला की "मी सोडली", तर लोक हसतात. "मिलिटरीवाला आणि पीत नाही?"

माझ्या मित्राचं पिणं मात्र बाटली वाटण्यापुरतं राहिलं नव्हतं. सकाळी पीटीच्या आधी हात थरथरायचे. एक घोट घेतला की थांबायचे. हा 'सकाळचा घोट' नीट लक्षात ठेवा. माणूस मजेसाठी पितो ती गोष्ट वेगळी आणि अंग मागतंय म्हणून पितो ती वेगळी. दुसऱ्या प्रकाराला डॉक्टर व्यसनाधीनता, म्हणजे आजार म्हणतात.

त्याला सोडायची होती. पहिल्यांदा त्यानं सुट्टीत तेरला जाऊन गोरोबाकाकांच्या देवळात माळ घातली. माळेला मी नावं ठेवणार नाही. उलट फौजेत तिचा एक मोठा उपयोग असतो. पार्टीत कुणी ग्लास पुढं केला की "माळकरी आहे" एवढं पुरतं, पुढं कुणी आग्रह करत नाही. पण माळ घातली आणि त्याच दिवशी दारू एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी रात्री घामानं गादी भिजली, आणि पहाटे फीट आली. घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी झालं. बाहेरचं काही नव्हतं. बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम थांबवली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, कधीकधी जीवही जातो. म्हणून असा माणूस डॉक्टरच्या देखरेखीखाली थांबवावा लागतो. ते ठराविक दिवस गोळ्या देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि गोळ्या हळूहळू कमी करतात.

आणि ते चहात घालायचं "दारू सोडवायचं औषध"? आठवडी बाजारात मिळतं ते? कृपा करून देऊ नका. त्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि माणसाला न सांगता दिलं असेल, तर वरून दारू पडल्यावर रक्तदाब कोसळतो, छातीत धडधडतं. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं.

आता खरा अडकलेला मुद्दा. साधा नोकरदार माणूस गुपचूप डॉक्टरकडं जाऊ शकतो. जवानाचं काय?

लष्कराचा कायदा, आर्मी ॲक्ट १९५०, कलम ४८. नशेत सापडणं हा गुन्हा आहे, ड्युटीवर असो वा नसो. जवानाला कोर्ट मार्शलमध्ये दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ड्युटीवर नसताना किंवा प्रत्यक्ष मोहिमेवर नसताना सापडला तर सहा महिन्यांपर्यंत. सुट्टीवर घरी आला म्हणून तो या कायद्यातून सुटत नाही. त्यामुळं पोरांच्या डोक्यात बसलेलं असतं, की दारूचा विषय साहेबांपुढं काढला म्हणजे स्वतःच्या हातानं चार्जशीट लिहिली.

पण कायदा नीट वाचा. गुन्हा आहे तो नशेत सापडण्याचा. "मला सुटत नाहीये, मला दाखवायचंय" असं शुद्धीत येऊन सांगणाऱ्यासाठी रस्ता वेगळा आहे, आणि तो दवाखान्याकडं जातो. युनिटच्या एमआय रूममध्ये आरएमओ, म्हणजे युनिटचे डॉक्टर असतात. ते मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात. त्यासाठी कमांडिंग ऑफिसरांचा अहवाल लागतो. त्या फॉर्मला एएफएमएसएफ-१० म्हणतात. वागणं कसं आहे, काम कसं आहे, पितो किती, हे त्यात येतं. पुढं मिलिटरी हॉस्पिटल, मोठ्या केसला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलसारखी जागा.

इथं मी गोड बोलणार नाही. याची किंमत आहे. सैन्यात तब्येतीची श्रेणी 'शेप' या नावानं ठरते. त्यातला पहिला एस मनाच्या आरोग्याचा. व्यसनाचं निदान झालं की हा एस खाली येतो. जवानांच्या भाषेत "लो मेडिकल लागलं". तात्पुरती श्रेणी एका वेळी २४ आठवड्यांपर्यंतची असते, मग पुन्हा बोर्ड, पुन्हा तपासणी. त्या काळात पोस्टिंग, कोर्स, पदोन्नती, सगळ्यावर परिणाम होतो. आणि उपचारानंतर पुन्हा पुन्हा पिणं सुरू झालं तर नोकरीतून बाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाते. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं भरावी लागतात. अकराव्या-बाराव्या वर्षी असलेला, घराचं कर्ज काढलेला माणूस गप्प का बसतो, ते यावरून कळेल. त्याला भित्रा म्हणू नका, तो हिशोब करतोय.

फक्त त्याच्या हिशोबात एक आकडा राहून जातो. लपवल्यानं तब्येतीची श्रेणी वाचत नाही, नुसती तारीख पुढं जाते. मग ती तारीख ठरवतं कोण? एखादी पहाट, हातात रायफल, तोंडाला वास. आणि मग दवाखान्याच्या आधी कलम ४८ पुढं येतं.

माझा मित्र त्या दिवसाच्या आधी गेला. थेट सीओ साहेबांकडं जायची हिंमत नव्हती. त्याच्या कंपनीच्या सुभेदार साहेबांना म्हणाला, "साहेब, एक खाजगी बोलायचंय." ते त्याला स्वतः एमआय रूमला घेऊन गेले. सगळ्यांना असा सुभेदार मिळतो असं मी म्हणणार नाही. पुढं काही आठवडे वॉर्डात, गोळ्या, रोजची गटचर्चा. त्याचा नाईकच्या बढतीचा कॅडर हुकला. मागून आलेला पोरगा त्याच्या पुढं गेला, आणि त्याला 'साहेब' म्हणताना आजही जड जातं म्हणतो. कॅन्टीन कार्ड आहे, पण त्यावर आता तेल, साबण आणि पोरीसाठी बोर्नव्हिटा येतो. गावातले दोघे-तिघे रुसले. रुसू द्या.

काही जण विचारतात, वर्षाची ६० दिवसांची सुट्टी असते, त्यात बाहेर उपचार घेतले तर? पुण्यात मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ साली सुरू केलेलं. तिथला निवासी उपचार साधारण ३५ दिवसांचा, म्हणजे सुट्टीत बसतो. असं करणारे असतात. पण त्यानंतर परत जायचं ते त्याच कोट्याकडं आणि त्याच पार्टीकडं, तेही कुणाला काही न सांगता, गोळ्या लपवून. माझं मत विचाराल तर युनिटमधला एक तरी माणूस माहितीतला हवा. आणि बाहेरच्या डॉक्टरला आपण नोकरीत आहोत हे सांगायलाच हवं.

अमेरिकेच्या सैन्यानं २०१९ मध्ये एक नियम बदलला. सैनिक स्वतःहून, काही घडायच्या आधी उपचाराला आला, तर प्रत्येक वेळी कमांडरला कळवून सक्तीच्या कार्यक्रमात घालायची गरज ठेवली नाही. आमच्या क्षेत्रात सर्व्हर पडला की चौकशीत "कुणी पाडला" हे विचारायचं नाही, अशी पद्धत आहे, कारण तसं विचारलं की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. सैन्यात ते जसंच्या तसं चालणार नाही, हातात शस्त्र असतं. पण स्वतःहून येणाऱ्याचं नुकसान थोडं कमी ठेवलं, तर येणारे वाढतील असं मला वाटतं.

आता उमरगा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न: "मी सीओ साहेबांना पत्र लिहू का?" ताई, मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल तर वाट बघू नका. पत्र लिहा आणि पोलिसांतही जा. तसं नसेल तर पत्र ही पहिली पायरी करू नका, कारण ते कागदावर येतं आणि त्यांना वाटेल की तुम्ही तक्रार केली. आधी १४४१६ ला फोन लावा. ही टेली-मानस, सरकारी, फुकट, रात्रीही चालू, मराठीतून बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तिचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला. व्यसनासाठी वेगळा नंबर १४४४६. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, नवरा यायला तयार नसला तरी तुम्ही त्यांच्याशी बोलू शकता. आणि ते सुट्टीवर असताना दारू बंद करून थरथर, भ्रम, फीट असं काही दिसलं, तर देवऋषी नको, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, आणि दाखल करतानाच सांगा की माणूस रोज पीत होता, शेवटची किती वाजता घेतली.