वर्षाला किती निळे पंप संपतात?



ऑगस्ट संपत आला की सुट्टीवर गेलेली मंडळी इकडे परततात. बॅगेत मेतकूट, भाजणी, कोकम. आणि घरात कुणाला दमा असेल तर अस्थालिनचे चार-सहा पंप. "घेऊन जा गं, नेहमी लागतो," असं म्हणून आजीनेच ते भरलेले असतात. आज बोलायचं आहे ते या 'नेहमी लागतो'बद्दल.

भारतातलं अस्थालिन आणि इथलं व्हेंटोलिन यांत औषध एकच, साल्ब्युटामॉल. श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू ते सैल करतं. काही मिनिटांत बरं वाटतं, पण चार-सहा तासांत परिणाम ओसरतो. नलिकांच्या आतली सूज तशीच राहते. ती उतरवतो दुसरा पंप, बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन असलेला. तो घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही, म्हणून नेमका तोच बंद केला जातो. "स्टेरॉइड आहे, सवय लागेल," ही भीतीही असते. पण त्याची सवय लागत नाही. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि औषध थेट फुफ्फुसात जातं.

आता हिशेब करा. साल्ब्युटामॉलच्या एका पंपात साधारण 200 पफ असतात. दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी 'जीना' ही जागतिक संस्था सांगते, की वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो. बारा किंवा जास्त लागत असतील तर जिवाचा धोका वाढतो. 12 वर्षांवरील कुणालाही नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, असं ही संस्था 2019 पासून सांगत आली आहे. तेव्हा बॅगेतले सहा पंप वर्षात संपत असतील, तर ती तयारी नव्हे, धोक्याची घंटा आहे. डॉक्टरांना तो आकडा सांगा.

पंप घेण्याची रीतही तपासा. आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा. हळू, खोल श्वास घ्यायला लागताच एकदा दाबा. दहा सेकंद श्वास रोखा. मुलांना स्पेसर लावूनच द्या. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून टाका, नाहीतर तोंडात बुरशी होते. पावडरचा पंप असेल तर श्वास जोरात ओढायचा असतो. रोटाकॅपची कॅप्सूल मात्र गिळायची नसते.

आणि पंप गाडीत ठेवू नका. साधारणपणे तो 30 अंशांखाली ठेवायचा असतो, आणि दाबाच्या डबीला 50 अंशांवर धोका असतो. इथल्या उन्हात बंद गाडी त्याहूनही तापते. पंप पर्समध्ये किंवा दप्तरात असू द्या. रंगावर जाऊ नका, नाव वाचा.

पंप घेऊनही धाप थांबत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर 998 वर ॲम्ब्युलन्स बोलवा. पेशंटला आडवं करू नका, बसतं ठेवा.

आज रात्री जेवणं झाली की घरातले सगळे पंप टेबलावर काढा आणि मोजा. काळजी घ्या, नमस्कार.