नैसर्गिक द्राक्षमद्य आणि सिसिलीचें ताट

भूमध्य समुद्राच्या ऐन मध्यावर सिसिली नांवाचें इटलीचें मोठें बेट आहे. त्याच्या आग्नेय भागांत व्हित्तोरिया हें गांव असून, १६०७ सालीं व्हित्तोरिया कोलोन्ना नांवाच्या सरदारघराण्यांतील स्त्रीनें तें वसविलें. गांवाभोंवतीं तांबूस वाळूची जमीन, खालीं चुनखडीचा थर, आणि वर द्राक्षांचे मळे. इंग्रजींत ज्यास वाइन म्हणतात तें द्राक्षांचें मद्य या प्रदेशांत केवळ चैनीचें पेय नव्हे. पाव आणि ऑलिव्हचें तेल यांच्या जोडीला जेवणांतील एक पदार्थ म्हणून तें शतकानुशतकें चालत आलें आहे.

१९८० सालीं या गांवीं चिलिया, ओक्किपिंती आणि स्त्रानो या तीन तरुण मित्रांनीं आपल्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून 'कोस' हें नांव घेऊन मद्य करण्यास आरंभ केला. २००० सालापासून त्यांनीं कांहीं मद्य मातीच्या मोठ्या रांजणांत, रांजण गळ्यापर्यंत पुरून, मुरविण्याचा प्रघात घातला. नव्या लांकडी पिंपाचा वास मद्यास लागतो. मातीचा तसा लागत नाहीं, आणि तरीहि मातींतून किंचित् हवा आंत जात राहते. एका मद्यास त्यांनीं 'पिथोस' असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत या शब्दाचा अर्थच मोठा रांजण. नवी वाटणारी ही रीत भूमध्य प्रदेशांत हजारों वर्षांची जुनी आहे.

ज्यास आज 'नैसर्गिक मद्य' म्हणतात त्या चळवळीचें हें एक उदाहरण होय. तिचा उगम बहुधा फ्रान्समधील बोजोले प्रांतांत सांगतात. तेथील मद्यव्यापारी व रसायनज्ञ झ्यूल शोव्हे (१९०७–१९८९) यांनीं गंधकाशिवाय मद्य करण्याचे प्रयोग केले, आणि मॉर्गोंचे मार्सेल लापिएर (१९५०–२०१०) यांनीं ते आपल्या तळघरांत आचरणांत आणिले. द्राक्षांच्या सालीवर आणि तळघरांतील भांड्यांवर किण्वाचे सूक्ष्म जीव असतातच. घरच्या विरजणानें जसें दह्याचें काम होतें, तसा त्यांच्या योगें रस आंबतो. कारखान्यांत मात्र बहुधा निवडलेलें किण्व बाहेरून आणून घालतात. गरजेप्रमाणें साखर, आम्ल वा टॅनिन मिसळतात. आणि मद्य टिकावें म्हणून सल्फर डायऑक्साइड हा गंधकाचा वायु वापरतात. युरोपीय संघाच्या कायद्यानें त्याची मर्यादा गोडी नसलेल्या तांबड्या मद्यांत लिटरमागें १५० मिलिग्रॅम व पांढऱ्यांत २०० मिलिग्रॅम आहे. २०२० सालीं फ्रान्समध्यें मान्यता मिळालेल्या 'नैसर्गिक पद्धतीचें मद्य' या नियमावलींत ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. रस आंबण्यापूर्वीं व आंबत असतां गंधक मुळींच घालावयाचा नाहीं, आणि द्राक्षें सेंद्रिय शेतींतील व हातांनीं तोडलेलीं असावीं, असा दंडक आहे. किण्व स्वतःहि थोडा गंधकवायु निर्माण करतें. म्हणून अगदीं गंधकरहित मद्य क्वचितच आढळतें.

येथेंच खरी कसोटी लागते. 'कांहीं घालूं नये' याचा अर्थ 'कांहीं करूं नये' असा ज्यांनीं घेतला, त्यांच्या मद्याचें व्हिनेगर झालें. दुसरा एक दोष याहूनहि फसवा आहे. त्यास उंदराच्या बिळाची चव म्हणतात. पेला नाकाशीं नेला तरी तो कळत नाहीं, कारण मद्याच्या आम्लांत तो वास दबून राहतो. घोट गिळल्यावर लाळेनें आम्ल सौम्य झालें कीं तो तोंडांत प्रकट होतो. असें मद्य 'नैसर्गिक आहे' म्हणून गळीं उतरविणें हा भोळेपणा होय. सडकें द्राक्ष निवडून काढणें, भांडीं निर्मळ ठेवणें, तळघर थंड राखणें, हे कष्ट गंधक सोडणाऱ्यासच अधिक करावे लागतात.

ग्राहकाच्या हक्काचा प्रश्नहि यांतच आहे. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची यादी असे, पण मद्याच्या बाटलीवर ती छापण्याचें बंधन युरोपांत दीर्घकाळ नव्हतें. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या मद्यास तें लागू झालें. ज्यानें थोडें घातलें त्यास ही यादी भूषण, आणि ज्यानें पुष्कळ घातलें त्यासहि ती सत्य बोलावयास लावते.

आतां ताटाकडे वळावें. सिसिलींतील कापोनाता या भाजींत तळलेलें वांगें, सेलरी, ऑलिव्ह, केपरच्या खारविलेल्या कळ्या, व्हिनेगर आणि साखर असते. आंबट पदार्थाबरोबर मवाळ मद्य घेतलें तर तें पाणचट लागतें. मद्याची आंबट धार पदार्थाइतकी तरी असावी. जिभेवर बसलेलें तेलहि तीच धार धुऊन काढते. कोंकणांत तळलेल्या माशामागून सोलकढी हेंच काम करते.

माशाबरोबर तांबडें मद्य घेऊं नये, असा जुना नियम आहे. परंतु २००९ सालीं जपानी संशोधकांनीं शिंपल्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, माशाचा हिंवस वास वाढण्यास मद्यांतील लोह कारण होतें. म्हणून केवळ रंगावरून निवाडा करूं नये. व्हित्तोरियाच्या फ्राप्पातो द्राक्षाचें मद्य तांबडें खरें, पण हलकें व थोडें तुरट. तें किंचित् गार करून सार्डिन, रानबडीशेप, बेदाणे व केशर घातलेल्या शेवयांबरोबर देतात. सार्डिन म्हणजे तारलीच्याच जातीचा मासा. याच फ्राप्पातोंत ५० ते ७० टक्के नेरो दाव्होला मिसळलें कीं चेरासुओलो होतें. तें कुपा मासा व भाजलेलें मांस यांस पेलतें. आर्टिचोकची भाजी खाल्ल्यावर पाणीहि गोड लागतें, आणि नाजुक पांढरें मद्य तिच्यापुढें बिघडतें. तेथें पांढरीं द्राक्षें सालीसकट आंबवून केलेलें नारिंगी, तुरट मद्य टिकाव धरतें.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. गंधक कमी केल्यानें मद्यांतील मद्यार्क कमी होत नाहीं. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें आहे. 'नैसर्गिक' हा शब्द औषधाच्या चिठ्ठीसारखा वाचूं नये. युनेस्कोनें २०१० सालीं भूमध्य आहारपद्धतीस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें, तेव्हां एकत्र बसून जेवण्याच्या रीतीसहि मोठें महत्त्व दिलें. ज्यानें मद्य वर्ज्य केलें आहे त्यासहि त्या पंक्तींत जागा आहे. आणि जो घेतो, त्यानें ताटाच्या सोबतीनें, बेतानें, बाटलींत काय आहे तें वाचून घ्यावें.