सूर तेच, भाव वेगळा



आम्ही बोलायला उभे राहिलो की मजुरीचे दर आणि बोनस यांवरच बोलणार, अशी आपली समजूत असणे साहजिक आहे. आज मात्र आम्ही गाण्याविषयी बोलणार आहोत. संगीताचे रीतसर शिक्षण आम्हांला मिळालेले नाही. जे थोडे कळते ते रेडिओपाशी बसून आणि उसनी पुस्तके वाचून. म्हणून प्रश्नही साधाच घेतला आहे. पाच-सात मिनिटांची एखादी चीज ऐकून मन उदास होते, दुसरी ऐकून उल्हसित होते. हा भाव येतो कोठून? पट्टीतून, सुरांतून की लयीतून?

याचा उलगडा करायला स्वरमंडळ हे वाद्य फार सोयीचे आहे. बडे गुलाम अली खाँ किंवा किशोरी आमोणकर गाताना जे मांडीवर घेऊन छेडत, तेच हे. चपट्या पेटीवर तीसेक तारा ताणलेल्या असतात. तार दाबून सूर काढायचा नाही. प्रत्येक सुराची तार वेगळी, ती नुसती छेडायची. या बाबतीत ते पाश्चात्त्यांच्या हार्पचे भावंड शोभेल. तसे हार्पच्या घाटाचे वाद्य आपल्याकडेही परके नाही. भाजे लेण्यातल्या शिल्पात ते आहे, आणि समुद्रगुप्त आपल्या नाण्यांवर तशीच धनुष्याकृती वीणा वाजवीत बसलेला दिसतो. आजच्या मोठ्या हार्पला सात पेडले असतात. पाय दाबला की सूर अर्ध्या पायरीने चढतो वा उतरतो. स्वरमंडळाला ती सोय नाही. राग बदलला की किल्ली घेऊन तारा पुन्हा लावत बसायचे.

आता पट्टीचे पाहू. पुरुष गायकाचा षड्ज बहुधा काळी एकच्या आसपास असतो, स्त्रियांचा काळी चारच्या आसपास. पट्टी चढली तर आवाजाचा रंग थोडा पालटतो. पण राग तोच राहतो, कारण सुरासुरांतले अंतर तेच असते. तेव्हा नुसती पट्टी सांगून भाव सांगता येत नाही.

मग सूर सांगून तरी येतो का? समजा, स्वरमंडळ सहा सुरांत लावले: षड्ज, कोमल ऋषभ, गंधार, तीव्र मध्यम, धैवत आणि निषाद. पंचम नाही. सगळ्या तारांवरून एकदा बोट फिरवा आणि जाणकाराला विचारा, राग कोणता? तो म्हणेल, थांबा, अजून सांगता येत नाही. कारण या सहा सुरांत मारवा आहे, पूरिया आहे आणि सोहनीही आहे.

मारवा सूर्यास्ताच्या वेळचा. तो कोमल ऋषभावर आणि धैवतावर रेंगाळतो आणि षड्जाला टाळत राहतो. घर समोर दिसावे आणि आत पाऊल टाकता येऊ नये, अशी ती हुरहूर. पूरिया खालच्या सप्तकात रमतो, गंधार-निषादावर विसावतो आणि संथ चालतो. त्यात गांभीर्य येते. सोहनी रात्र सरतानाची. ती वरच्या षड्जाकडे झेपावते, चंचल असते, छोट्या चिजांत आणि चढ्या लयीत खुलते. तारा त्याच, लावणी तीच. पण कोठे थांबायचे, कोणत्या सप्तकात वावरायचे आणि किती वेगाने चालायचे, एवढ्यावर तीन वेगळी मने उभी राहतात.

लयीचे महत्त्व छेडलेल्या तारेत विशेष कळते. तार छेडली की सूर उमटतो आणि हळूहळू विरतो. तो विरेपर्यंत थांबलात तर पुढचा सूर शांततेतून येतो. घाई केलीत तर मागचा नाद पुढच्यात मिसळतो आणि लखलखाट होतो. तबला नसला, ताल नसला, तरी लय असतेच. दोन सुरांमध्ये किती थांबायचे, हाच तिचा हिशेब.

येथे आमचा धंदा आम्हांला आठवल्यावाचून राहत नाही. आपला मुलूख कापसाचा. जिनमध्ये पट्टा फिरू लागला की हाताला त्याच्या वेगाने धावावे लागते. आमच्या आया-आज्या जात्यावर दळत, तेव्हा कष्ट कमी नव्हते. पण ओवी त्यांची होती, घास केव्हा घालायचा हे त्या ठरवीत आणि दम लागला की जाते थांबे. वेग बाहेरून लादता येतो. लय मात्र ज्याची त्याने धरायची असते, आणि त्यासाठी थांबण्याची मुभा लागते.

ती मुभा कोणी फुकट दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुटी मिळाली. त्या सुटीचा अर्थ नुसती झोप एवढाच आम्ही घेत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या वेगाने राबणाऱ्याला आपल्या लयीत बसून काही ऐकता यावे, हाही त्या मागणीचा भाग आहे. शास्त्रीय गाणे आपल्यासाठी नाही, असे आमचे कामगार बंधू म्हणतात, तेव्हा आम्हांला वाईट वाटते. ते अवघड असल्यामुळे दूर राहिले असे नाही. ऐकायला निवांत तास मिळाला नाही, म्हणून दूर राहिले.

तेव्हा एक विनंती. या आठवड्यात एकदा मारवा, पूरिया आणि सोहनी एकामागून एक ऐका. रागाची लक्षणे पाठ करू नका. सूर कोठे थांबतो, वर वावरतो की खाली, आणि पुढच्या सुराला किती वेळ लावतो, एवढेच पाहा.