तिसरी तार

(चाळीसगावात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात पेपरात एक बातमी येते. चार ओळींची. 'विजेचा धक्का लागून महिलेचा मृत्यू.' कधी कुलर, कधी कपडे वाळत घालायची तार, कधी नळाला लावलेली मोटार. खाली लिहिलेलं असतं, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद. झालं. फाईल बंद.

या वाक्याचं व्याकरण तपासा. धक्का 'लागला'. कोणी लावला? वाक्याला कर्ताच नाही. देशात दर वर्षी बारा हजारांवर माणसं विजेच्या धक्क्याने मरतात, हे सरकारच्याच गुन्हे नोंदणी खात्याचे आकडे आहेत. बारा हजार मढी, आणि कर्ता एकाचाही नाही.

मी वायरमन आहे. आयटीआयची दोन वर्षं करून याच धंद्यात पडलो. लोकांची बोर्डं उघडून पोट भरतो. कर्ता कुठे सापडतो ते मला माहीत आहे. तो भिंतीत सापडतो. भाड्याच्या खोलीचा बोर्ड उघडला की आत दोन तारा निघतात. तीन निघायला पाहिजेत. तिसरी कोणी खाल्ली, एवढाच आज माझा विषय आहे.

एक तार फेज. तिच्यातून करंट येतो. दुसरी न्यूट्रल. तिच्यातून परत जातो. तिसरी अर्थिंगची. ती रोज काहीच काम करत नाही. पंखा तिच्याशिवाय फिरतो, दिवा तिच्याशिवाय लागतो. म्हणूनच मालकाला ती फुकटचा खर्च वाटते. तिचं काम एका क्षणाचं असतं. कुलरच्या पत्र्यात, मोटारीच्या बॉडीत, इस्त्रीच्या तळाला करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला सोपा रस्ता द्यायचा, म्हणजे मोठा करंट धावून फ्यूज उडतो आणि लाईन बंद पडते. हा रस्ता नसेल तर करंट पत्र्यात दबा धरून बसतो. मग ज्या माणसाचा ओला हात आधी लागेल, तो माणूस तिसरी तार होतो.

आपल्या खानदेशात हे कुलरने होतं. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत जीव राहत नाही. मग हप्त्यावर नाहीतर जुन्या बाजारातून लोखंडी कुलर येतो. आतला छोटा पंप पाण्यात बुडालेला, त्याच्या वायरीला चिकटपट्टी. पिन तीन काड्यांची असते, पण भिंतीत दोन भोकांचं सॉकेट, म्हणून मधली काडी पक्कडीने मोडलेली. पंपाच्या गुंडाळीत ओल शिरते, सगळ्या पत्र्याला करंट येतो, आणि कुलर मात्र मस्त वारा देत राहतो. कोणालाच काही कळत नाही. दुपारी घरातली बाई पाण्याची बादली घेते, अनवाणी, ओल्या फरशीवर उभी राहते, आणि चालू कुलरच्या टाकीत पाणी ओतते. एक हात पत्र्याला टेकवूनच ओतावं लागतं ना.

आता हिशोब करू. सोपा आहे, सातवीतल्या पोराला जमेल. घरातला दाब २३० व्होल्ट. ओल्या माणसाच्या अंगाचा विरोध ढोबळमानाने हजार ओहम धरा. म्हणजे अंगातून २३० मिलिअँपिअर जाणार. दहा-वीस मिलिअँपिअरलाच स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. लोक म्हणतात करंटने 'धरून ठेवलं', ते हेच. पुढे तीस-पन्नासच्या वर गेलं आणि काही क्षण टिकलं, तर काळीज लयीत पडायचं सोडून नुसतं थरथरतं. आणि मीटरजवळचा तुमचा एमसीबी? तो १६ अँपिअरचा. म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. तो कशाला पडेल? त्याला बाई दिसतच नाही. तो वायर जळू नये म्हणून बसवलेला आहे. मालकाची भिंत वाचवायला. माणूस वाचवणारी वस्तू वेगळी. तिचं नाव आरसीसीबी, बाजारात अजून कोणी ईएलसीबी म्हणतात. गेला तेवढा करंट परत येतोय का, एवढंच ती मोजते. तीस मिलिअँपिअर कमी भरला की क्षणात लाईन तोडते. अर्थिंग कच्चं असलं तरी, माणसाच्या अंगातून करंट जमिनीत जायला लागला की ती पडते. तिची किंमत बहुतेक खोल्यांच्या एका महिन्याच्या भाड्याच्या आत बसते.

मग ही वस्तू आपल्या खोलीत का नाही? नियम वाचा, हसू येईल. १९५६ च्या वीज नियमांत नंतर कलम घातलं, गळतीचा करंट तोडणारं यंत्र पाहिजे. पण पाच किलोवॅटच्या खालच्या घरगुती जोडण्या सोडून. पुढे नव्या नियमांत ही मर्यादा दोन किलोवॅटवर आणली. एक बल्ब, एक पंखा, एक टीव्ही, एक कुलर, हे सगळं दोन किलोवॅटच्या आतच बसतं. म्हणजे ज्याचं घर मोठं, ज्याच्याकडे एसी, त्याच्या जिवाला कायद्याने यंत्र सक्तीचं केलं. दहा बाय दहात सहा माणसं राहतात त्यांना सूट ठेवली. असली सूट कोणी मागितली होती?

करंटला जात कळत नाही म्हणतात. खरं आहे. पण भाडं घेणाऱ्याला कळते. या गावात खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात. मग 'खोली कालच गेली' म्हणतात. चार दारं फिरून पाचव्याला जी मिळते ती उरलेली खोली असते. धाब्याचं घर, मातीची भिंत, पावसाळ्यात ओल छतापर्यंत. त्या ओल्या भिंतीवर लाकडी पट्टी, पट्टीत वीस-तीस वर्षांपूर्वीची वायर, रबर कडक होऊन तडकलेलं. बटण दाबताना बोट झिणझिणतं. आणि त्याबद्दल बोलायचं नाही, कारण बोललं तर पुन्हा ती चार दारं. अर्थिंग मागायला तोंड का उघडत नाही आपलं, ते इथे आहे. अज्ञान आहेच, पण त्याच्या आधी ही भीती आहे.

मी एका मालकाला सांगायला गेलो होतो. सात खोल्यांचा वाडा, सात खोल्यांना मिळून एक सबमीटर, अर्थिंगचा खड्डा कुठेच नाही. तो खाटेवर बसून म्हणाला, "काही व्हत नही, भो. आमना बापना टाईमपासून असंच शे." बापाच्या वेळी त्या वाड्यात कुलर नव्हता, मोटार नव्हती, पाण्याचा रॉड नव्हता. भाडं मात्र बापाच्या वेळचं घेत नाही तो.

यापेक्षा वाईट म्हणजे खोटं अर्थिंग. भाडेकरूने लय कटकट केली की मालक एखाद्या पोराला धरून आणतो. तो सॉकेटच्या आत न्यूट्रलचाच एक तुकडा वळवून वरच्या मोठ्या भोकाला जोडतो. बाहेरून तीन भोकं दिसतात, सगळे खूश. पण खांबापासून तुमच्या घरापर्यंत ती न्यूट्रल कुठे तुटली किंवा ढिली झाली, की पंख्यातून, बल्बातून परत निघालेला फेज सरळ कुलरच्या पत्र्यावर येतो. दोष कुलरात नसतानाही. हे अर्थिंग नाही, हा फास आहे. सॉकेट उघडून बघा, आधी मेन बंद करून. दोन भोकांना जोडणारा तुकडा दिसला तर त्याच दिवशी काढून घ्या.

आता कोणी म्हणेल, वायरमन बोलवा ना. बोलवा. पण आपल्या गल्लीत तो येईपर्यंत तीन दिवस जातात, आणि तोवर सोळा वर्षांचं पोरगं दाताने वायर सोलून जोड मारून मोकळं होतं. या गावाला ही गोष्ट नवीन नाही. १९२९ साली बाबासाहेब इथल्या स्टेशनवर उतरले होते. सरकारी समितीच्या कामाने खानदेशात आले होते. वस्तीतली माणसं हार घेऊन उभी. पण एकही टांगेवाला त्यांना बसवून हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली, टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा द्यायचा नाही. पाहुण्याने पायी जाऊ नये, ही आपल्या माणसांच्या इज्जतीची गोष्ट. म्हणून आपल्यातल्याच एकाने लगाम धरला, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता. नदीच्या पुलावर चाक दगडाला अडलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा-टांगा नदीत. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ज्याला हाकता येत होतं त्याने हाकला नाही, आणि ज्याने हाकला त्याला येत नव्हतं. मी जेव्हा जेव्हा दाताने सोललेली वायर बघतो, तेव्हा मला तो टांगा आठवतो. लगाम धरायची तयारी आपल्यात तेव्हाही होती. हाकायला शिकायचं राहिलं होतं. आयटीआयत वायरमनचा, इलेक्ट्रिशियनचा कोर्स आहे. दहावी होऊन नाक्यावर बसलेली जी पोरं आहेत, त्यातली दोन तरी यंदा तिकडे गेली पाहिजेत.

कायद्याचं सांगतो, कारण मालक कायदा आपल्यालाच शिकवतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. कलम १४. घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटीस द्यायची, पंधरा दिवसांत त्याने केलं नाही तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापून घ्यायचा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. दोन हजार भाडं असेल तर वर्षाचे चोवीस हजार, त्यातले सहा हजारांपर्यंत. एका खोलीचं अर्थिंग आणि आरसीसीबी त्यात बसवता येतं. आणि त्याच कलमात लिहिलंय की भाडेकरूंनी मिळून नोटीस द्यावी, मिळून दुरुस्ती करावी, खर्च वाटून घ्यावा. सात खोल्यांच्या सात सह्या एका कागदावर. एकट्याला तो बाहेर काढेल, सातांना काढून रविवारी नवीन सात कुठून आणेल? चिडून लाईट तोडली तर कलम २९ आहे, वीज-पाणी तोडायला मालकाला मनाई आहे. नोटीस पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, भाड्याची पावती मागा. पावतीसुद्धा हक्कच आहे.

एक मेख आहे. आजकाल अकरा महिन्यांच्या कागदावर 'भाडेकरू' न लिहिता 'लायसन्सी' लिहितात. मग मालक म्हणतो कलम १४ तुला नाही. म्हणून सही करायच्या आधी कागद वाचा, आणि वायरिंग-अर्थिंग मालकाने द्यायचं हे वाक्य त्यात घालून घ्या. इंग्लंडमध्ये २०२० पासून नियम आहे: भाड्याच्या घराचं वायरिंग निदान पाच वर्षांतून एकदा जाणकाराकडून तपासायचं आणि तो रिपोर्ट अठ्ठावीस दिवसांत भाडेकरूच्या हातात द्यायचा. आपण अजून पावतीसाठी भांडतोय.

आणि माणूस गेलाच, तर 'अकस्मात' लिहून घरी जाऊ नका. विद्युत निरीक्षक नावाचा सरकारी अधिकारी असतो, वीज कंपनीपेक्षा वेगळा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६१ खाली अशा अपघाताची चौकशी होऊ शकते. त्या चौकशीचा अहवाल मागा. वाक्याला कर्ता तिथून मिळतो.

पावसाळ्याचं थोडक्यात. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी गावात घुसल्या, नदीकाठच्या घरांची काय दशा झाली ती तुम्ही पाहिली आहे. पाणी ओसरलं की हात पहिला बटणाकडे जातो. जाऊ देऊ नका. बोर्डात पाणी गेलं असेल तर मेन बंदच ठेवा. मेनच पाण्यात असेल तर पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही, १९१२ ला फोन करायचा. बोर्ड उघडून सुकवायचे, मग मेगरने वायरिंग तपासायचं, एक मेगओहमच्या खाली भरलं तर लाईन घ्यायची नाही. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको, नायलॉनची दोरी बांधा. पत्र्याच्या खोलीत जिथे वायर पत्र्यातून आत येते तिथे पत्र्याची धार ती कापत असते, तिथे पाईपचा तुकडा घाला. किटकॅटमध्ये तांब्याची जाड तार भरणाऱ्याला शिव्या घाला, माझ्या वतीने.

कोणी चिकटलं असेल तर त्याला हाताने ओढू नका, नाहीतर दोन मढी होतात. मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्यावर उभं राहून कोरड्या लाकडाने सोडवा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. हे आज भाषण संपल्यावर मी इथेच करून दाखवतो, प्रत्येकाने एकदा करून बघायचं. मुलींनी आधी, कारण दुपारी घरी त्याच असतात.

आता काम. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता स्टेशनमागच्या गल्लीपासून सुरुवात. दोघादोघांची जोडी, एक वही. प्रत्येक खोलीत तीनच गोष्टी लिहायच्या: बोर्डात तारा किती, कुलरला पिन किती काड्यांची, भिंतीला किंवा नळाला झिणझिण्या येतात का. तुम्ही फक्त विचारायचं आणि बघायचं, बोर्ड मी उघडणार. संध्याकाळी वही माझ्याकडे, आणि ज्या वाड्यात सह्या मिळाल्या त्यांची नोटीस सोमवारी पोस्टात. येताना टेस्टर असेल तर आणा, पण टेस्टर लागला नाही म्हणून कशाला हात लावू नका. आणि पायात चप्पल पाहिजे. रबराची.