जुना टब आणि त्याखालची मोरी

मराठीत स्नानाच्या जागेला दोन जुनी नावे आहेत. त्यांपैकी ‘न्हाणी’ हे नाव नाहण्याच्या क्रियेवरून पडले. ‘मोरी’ या शब्दाने मात्र मुळात सांडपाणी बाहेर जाण्याचे भोक किंवा नाली दाखवली जात असे, आणि तोच शब्द पुढे त्या भोकाभोवतीच्या कठड्याला व अखेरीस सबंध जागेला लागला. जागेचे नाव पाणी येते तिथून न पडता पाणी जाते तिथून पडावे, यात घरबांधणीचे मोठे शहाणपण आहे, असे प्रस्तुत वक्त्याचे मत असून, आयोजकांनी नेमून दिलेला विषय ‘छोट्या न्हाणीघरातील झिजलेला टब व शॉवर : बदलावा की दुरुस्त करावा’ असा असला, तरी आजचे विवेचन वळून वळून मोरीपाशीच येणार आहे, हे आरंभीच सांगून ठेवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. (हशा)

टब आपल्या घरांत कसा आला, हा इतिहास या सभागृहाला ठाऊक असल्याने त्यात शिरण्याचे कारण नाही. मुंबईत १९३० नंतर उभ्या राहिलेल्या आर्ट डेको इमारती, १९३७ साली टाउन हॉलमध्ये भरलेले आदर्श घराचे प्रदर्शन आणि पुढे साध्या फ्लॅटमध्येही ‘लक्झरी’ या शब्दाचा हात धरून शिरलेला टब, एवढा उल्लेख पुरे आहे. महत्त्वाचे आहे ते गणित. पाच फूट रुंद व आठ फूट लांब अशा न्हाणीघरात पाच बाय अडीच फुटांचा टब बसवला, की जवळजवळ एक-तृतीयांश जमीन त्याच्याखाली जाते. तो निम्म्याहून जरा अधिक भरावयाचा तर सुमारे दीडशे लिटर पाणी लागते, आणि पंचवीस लिटरच्या गिझरमधील साठ अंशांचे पाणी गार पाण्यात मिसळून चाळीस अंशांवर आणले तर हाती साठेक लिटरच येते. भारतीय मानकाने माणशी दर दिवशी १३५ लिटर पाणी धरले असून त्यांतील स्नानाचा वाटा ५५ लिटर आहे; म्हणजे एका अवगाहनात, अर्थात अंग बुडवून केलेल्या स्नानात, एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याहून अधिक पाणी जाते. त्यामुळे आपल्याकडील बहुसंख्य टब हे बादल्या, धुण्याचे कपडे आणि पाणीकपातीच्या दिवशी भरून ठेवलेले पाणी, एवढ्याच गोष्टींना अंघोळ घालत आले आहेत. (हशा)

टब दुरुस्त होण्याजोगा आहे की नाही, हे तो कशाचा आहे यावर ठरते. जुने टब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असत आणि त्यांवर इनॅमलचा, म्हणजे सुमारे आठशे अंश तापमानाला वितळवून लोखंडावर बसवलेल्या काचेचा मुलामा असे. तो टब झिजतो तेव्हा काच झिजते, लोखंड शाबूत असते. नंतरचे टब पत्र्याचे आले आणि त्यानंतर ॲक्रिलिकचे व फायबरचे, ज्यांचा तळ आधार नीट नसला तर पाय ठेवताच लवतो आणि लवून लवून चिरतो. ओळखण्यासाठी फ्रीजवर लावायचा साधा चुंबक पुरतो. तो चिकटला आणि टिचकीचा आवाज बद्द आला तर टब बिडाचा समजावा, चिकटून आवाज डब्यासारखा आला तर पत्र्याचा, आणि चिकटलाच नाही तर तो प्लास्टिकच्या कुळातील समजून त्याच्या जीर्णोद्धारावर पैसा घालू नये, असा स्पष्ट निर्णय येथे देण्यास हरकत नाही.

बिडाच्या टबाला पुन्हा लेप देता येतो. जुना साबण व क्षार काढून पृष्ठभाग आम्लाने किंवा पॉलिश पेपरने खरखरीत करावयाचा, टवके लांबीने भरावयाचे, आणि मग दोन घटक ऐन वेळी मिसळून तयार होणारे इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन फवाऱ्याने मारून एक-दोन दिवस वाळू द्यावयाचे, असा हा क्रम आहे. हा लेप म्हणजे भट्टीतील काच नव्हे, रंगच होय; काम चोख असले तरी तो काही वर्षेच टिकतो, आणि घासणीची पूड किंवा चोषकांनी तळाला घट्ट धरणारी रबरी चटई वापरली तर त्याआधीच सुटतो. पूर्वीचा असा लेप काढावयाचा असेल, तर एका धोक्याची माहिती श्रोत्यांना असणे आवश्यक आहे. रंग सोलण्याच्या काही द्रावणांत मिथिलीन क्लोराइड नावाचे रसायन असते, ज्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असल्याने ती खिडकीकडे न जाता टबाच्या तळाशीच साचते, आणि काम करणारा मनुष्य नेमका तिथेच वाकलेला असतो. शरीरात गेल्यावर त्या रसायनापासून कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २००० ते २०११ या काळात तेथे टब सोलण्याचे काम करणारे १३ जण या रसायनाने दगावले. घरमालकाने द्रावणाच्या डब्यावरील घटक वाचणे आणि कारागिराला बंद न्हाणीघरात एकटे न सोडणे, हे दर ठरवण्याआधीचे काम आहे.

जुन्या टबावर नव्या ॲक्रिलिकचे कवच चढवण्याची युक्तीही प्रचारात आहे. दोहोंच्या मध्ये पाणी शिरले की ते बाहेर येत नाही, कुजते. याहून अधिक बोलण्याची तिची योग्यता नाही.

आता मूळ मुद्दा. टबातील पाणी भोकातून खाली जाते ते ट्रॅपमध्ये, म्हणजे नळाच्या अशा वळणात, जिथे थोडे पाणी सदैव अडून राहते आणि गटारातील वायूला बुचासारखे अडवते. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली शौचकूपासाठी घेतलेल्या पेटंटातील वळणाचेच तत्त्व इथे आहे. जमिनीवरच्या अशा ट्रॅपला भारतभरातील अभियंते, मग ते तमिळ असोत वा बंगाली, ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीने अभियांत्रिकीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांना दिलेला हा शब्द आहे. (टाळ्या) टब वापरात नसला की त्या वळणातील पाणी हळूहळू उडून जाते, आणि ‘टब जुना झाला, वास मारतो’ अशी तक्रार सुरू होते. वस्तुतः त्यात आठवड्याला दोन तांबे पाणी ओतले असते तरी वास थांबला असता.

पाण्याच्या निचऱ्याचा आणि ओल अडवण्याचा विचार या उपखंडात किती जुना आहे, हे मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात दिसते. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरांच्या आसपास खोल असे ते कुंड जिप्समच्या चुन्यात घट्ट बसवलेल्या विटांचे असून, विटांच्या मागे डांबराचा थर दिलेला आहे, म्हणजे ज्याला आज वॉटरप्रूफिंग म्हणतात ते तेथे साडेचार हजार वर्षांपूर्वी झालेले आहे; तळाला कोपऱ्याकडे उतार आहे, आणि त्या कोपऱ्यातून निघणारी नाली माणूस उभा राहील एवढी उंच आहे. १९२४-२५ च्या हंगामात मोहेंजोदडोचे उत्खनन ज्यांनी केले ते काशिनाथ नारायण दीक्षित पंढरपूरचे होते, हे अभिमानाने सांगितले जाते. परंतु त्याआधी, १९११-१२ च्या सुमारास, पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे अधिकारी देवदत्त रामकृष्ण भांडारकर त्याच टेकाडांवर जाऊन आले होते, आणि तेथील विटा आधुनिक वळणाच्या दिसतात, गाव दोनेकशे वर्षांपूर्वीचे असावे, असा अभिप्राय देऊन परतले होते. (सभागृहात कुजबुज) पुण्यात भांडारकर हे नाव घेऊन असे बोलणे धाडसाचे आहे, याची जाणीव आहे. ज्या विद्वानाने अशोकावर अधिकारवाणीने लिहिले, ज्यांच्या वडिलांच्या नावे येथील प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ पासून उभे आहे, त्यांचा अधिक्षेप करण्याचा हेतू नाही. मागच्या रांगेतून ‘टबाचे काय?’ असा प्रश्न आला आहे, तोही रास्तच आहे. (हशा) सांगावयाचे ते इतकेच, की वीट पक्की, भाजलेली आणि नवीकोरी दिसत होती, आणि एवढा मोठा पंडित पृष्ठभाग पाहून परतला. पुढे दहा वर्षांनी राखालदास बॅनर्जींनी तेथे खणले तेव्हा कुठे खाली काय आहे ते कळू लागले. टबाचा डाग पाहून टब बदलणारा गृहस्थही खाली न पाहताच परततो, आणि त्याला खोदण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगीही लागत नाही.

टबाखाली काय असते, ते आता पाहू. आपल्या इमारतींत न्हाणीघराखालचा स्लॅब बहुधा काही इंच खाली घेतलेला असतो, त्या खोलगट भागातून नळ नेतात आणि वर विटांचे तुकडे व सिमेंट यांची भर, म्हणजे ब्रिकबॅट कोबा, घालून फरशी बसवतात. ही भर एकदा भिजली की स्पंजासारखी पाणी धरते, आणि खालच्या घराच्या छताला पोपडे येतात ते गळतीच्या जागेपासून चार फूट दूर. असे अंतर्गत गळतीचे काम सदस्याने स्वखर्चाने करावयाचे, असा गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचा दंडक असल्याने, हा प्रश्न शास्त्राइतकाच शेजारधर्माचाही आहे. म्हणून गळती कुठून आहे ते आधी ठरवावे. पहिल्या दिवशी बूच लावून टब भरावा, पाण्यात चमचाभर नीळ कालवावी, पातळीवर पेन्सिलीची रेघ ओढावी आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळी पाणी रेघेखाली उतरले असेल तर दोष टबात किंवा बुचात आहे. ते जागेवर असेल तर बूच काढून सगळे पाणी सोडावे. त्यानंतर ओल आली तर दोष खालच्या जोडात किंवा ट्रॅपमध्ये आहे. दोन्ही वेळा कोरडे राहिले, तर काही दिवस थांबून केवळ भिंतीवर शॉवर मारून पाहावा. बहुधा चोर सापडतो तो टबाची कड आणि टाइल यांच्या सांध्यात, जिथे गवंड्याने पांढरे सिमेंट भरलेले असते. टब भरला की त्याच्या भाराने हा सांधा केसभर उघडतो आणि सिमेंट तडकते. तिथे सिलिकॉन हवे, आणि तेही टब पाण्याने भरलेला असतानाच लावून, वाळेपर्यंत पाणी तसेच ठेवून. असे केल्याने सांधा उघडलेल्या अवस्थेत भरला जातो आणि पुढे ताणला जात नाही.

टब काढावयाचाच असेल, तर मोकळी झालेली जमीन ही दुरुस्तीची एकमेव खरी संधी होय. जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवून ती दवडू नये. भर काढून नळ व ट्रॅप बदलावेत, ओल अडवणारा लेप भिंतीवर किमान फूटभर चढवावा, उंबऱ्याला बंधारा घालून दोन ते तीन दिवस पाणी साठवून ठेवावे, आणि त्या काळात खालच्या घरातील मंडळींना छताकडे लक्ष ठेवण्याची विनंती करावी. उतार फुटामागे एक ते दोन सूत असावा, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गवंड्याची नजर कितीही तयार असली तरी लेव्हलची नळी धरूनच तो तपासावा.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे आणि शॉवर अजून यावयाचाच आहे. (हशा) त्याविषयी दोनच वाक्ये. टाकीतील पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापेक्षा दहा मीटर उंच असेल तर सुमारे एक बार दाब मिळतो, म्हणजे वरच्या मजल्यावर, जिथे ती उंची तीन मीटरही नसते, तिथे ताटाएवढा पावसाळी शॉवर पंपाशिवाय नुसता ठिबकतो. आणि जुना शॉवर मंद झाला असेल तर नवा आणण्याआधी त्याचे तोंड काढून रात्रभर लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्यात बुडवावे, कारण बोअरच्या पाण्याचे क्षार त्याच्या छिद्रांत बसलेले असतात.

रंग, प्रकाशयोजना आणि किमती या गोष्टी वेळेअभावी राहिल्या. शोरूममध्ये त्या कोणीही आनंदाने सांगेल. श्रोत्यांना विनंती एकच : टब दुरुस्त करावयाचा असो वा बदलावयाचा, कोणालाही आगाऊ रक्कम देण्यापूर्वी त्याच्या बाजूच्या भिंतीतील एक टाइल काढून घ्यावी, आत विजेरी धरावी आणि खाली ओल आहे की कोरडे आहे ते स्वतः वाकून पाहावे.