अधिकार तेथे उत्तरदायित्व



चिंचवडचा चापेकर वाडा आणि पिंपरीच्या संत तुकारामनगरातील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय या एकाच नगरीतील दोन वास्तू. त्यांना जोडणारा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. जनतेच्या आरोग्यासाठी ज्याच्या हाती अधिकार सोपविला जातो, त्याने उत्तर कोणाला द्यावयाचे?

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा प्लेग समितीची सूत्रे वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे देण्यात आली. रुग्ण शोधणे, त्यांना वेगळे ठेवणे, घरे निर्जंतुक करणे हे उपाय मुळात निरर्थक नव्हते. परंतु ते गोऱ्या सोजिरांकरवी राबविले गेले. देवघराचे पावित्र्य आणि स्त्रियांची प्रतिष्ठा यांचे भान सुटले; तक्रारींना दाद मिळाली नाही. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले आणि चौथ्या कलमाने, सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असे संरक्षणही दिले. अधिकार होता, संरक्षण होते. उत्तरदायित्व तेवढे नव्हते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत काय घडले, हे सर्वांना ठाऊक आहे. जेथे तक्रारीला वाट नसते, तेथे असंतोष आपली वाट शोधतो, हा त्यातील प्रशासनासाठीचा धडा मात्र क्वचितच सांगितला जातो.

त्याच साथीत सेवेचेही दर्शन घडले. सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. लोकमान्य टिळकांनी सरकारवर कठोर टीका केली, तशीच हिंदू प्लेग रुग्णालयासाठीही खटपट केली. प्रश्न विचारणे आणि हात लावणे ही दोन्ही कामे समाजाची आहेत.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी हाच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. कायदा तोच असला, तरी राज्य आपले होते. कौटिल्याने व्याधीची गणना राष्ट्रावरील आपत्तींत केली आणि तिच्यापासून प्रजेचे रक्षण हे राजाचे कर्तव्य मानले. स्वराज्यात ते कर्तव्य आरोग्याधिकाऱ्याच्या खुर्चीशी बांधलेले आहे.

पण ही खुर्ची नेमकी कोणाची? पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत वैद्यकीय विभाग महापालिकेचा. चाकणकडे वळले की प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचे, विमाधारक कामगार राज्य विमा योजनेचा आणि कारखान्यातील सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची. महाळुंगे वा निघोजे येथे भाड्याच्या खोलीत राहणारा कंत्राटी कामगार यंत्रात हात सापडून जायबंदी होतो, तेव्हा या दारांचा हिशेब त्याला ठाऊक नसतो. प्रत्येक दार शेजारच्या दाराकडे बोट दाखवू शकते. जबाबदारी अनेकांत वाटली गेली की ती कोणाचीच उरत नाही.

दुसरा धोका प्रश्नकर्ताच नसण्याचा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि नंतर काही वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. उत्तर देणारा आणि उत्तर मागणारा एकच झाला, तर हिशेब कोरा राहतो.

तिसरा धोका देखाव्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. एका खासदारांनी अधिष्ठात्यांनाच प्रसाधनगृह स्वच्छ करावयास लावले. त्याने छायाचित्र मिळाले, औषध मिळाले नाही. अपमान म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा अर्भके गेली. एप्रिलमध्ये नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. अशा वेळी परिचारिकेला निलंबित करणे सोपे असते. अग्निसुरक्षेची तपासणी कोणी करावयाची होती, देखभालीच्या करारावर कोणाची सही होती, निधीची मागणी कोणत्या टेबलावर थांबली, हे विचारणे अवघड असते. खरे उत्तरदायित्व या अवघड प्रश्नांत आहे.

म्हणून प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयाच्या दर्शनी भागात औषधसाठा, रिकाम्या खाटा, रिक्त पदे आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव लिहिलेले असावे. प्रत्येक टाळता येण्याजोग्या मृत्यूची चौकशी व्हावी व तिचा निष्कर्ष प्रसिद्ध व्हावा. जो अधिकारी निधी, मनुष्यबळ मागतो आणि ते त्याला नाकारले जाते, त्याची ती मागणीही नोंदली जावी. अधिकाराविना जबाबदारी लादणे हाही अन्यायच आहे.

समाजाचेही कर्तव्य उरतेच. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. रुग्ण कल्याण समित्या आहेत. डॉक्टरवर हात उगारण्यापेक्षा समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागणे अधिक परिणामकारक ठरते. ज्या चिंचवडने अन्यायी सत्तेला जाब विचारला, त्या चिंचवडने आपल्या सत्तेला सनदशीर मार्गाने, पण तितक्याच निर्भयपणे जाब विचारीत राहावे.