लोणारचे सरोवर आणि मणियारणीच्या कहाण्या

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



 मी काही मोठा विद्वान नव्हे. सारी हयात मी प्राथमिक व माध्यमिक शाळांत मुलांना भूगोल शिकवला. तेव्हा आज मी आपल्यापुढे कसला उपदेश करणार? मी एका तळ्याची गोष्ट सांगणार आहे. त्या तळ्याच्या काठावर जी माणसे पिढ्यान् पिढ्या राहिली, त्यांनी त्या तळ्याविषयी काय सांगितले, शास्त्रज्ञांनी काय सांगितले, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये माझ्या हातून काय निसटले, एवढेच मला सांगायचे आहे.

हे तळे म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. आपल्यापैकी पुष्कळांनी ते सहलीत पाहिले असेल. वरून पाहिले की एखादी अवाढव्य परात जमिनीत रोवून ठेवावी तसे ते दिसते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून खोली सुमारे १३७ मीटर आहे. तळाशी असलेल्या पाण्याचा व्यास सव्वा किलोमीटरच्या आसपास. काठावरच्या धारेचे पाणी गोड, आणि खालच्या तळ्याचे पाणी इतके खारट की जिभेवर ठेवता येत नाही. हे पाणी नुसते मिठाचे खारे नाही, ते सोड्याचे खारे आहे. पाण्याला बाहेर जायला वाट नाही. भोवतालच्या काळ्या दगडातून झिरपत आलेले क्षार तेथेच साठतात, आणि उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर पांढरा थर उरतो.

माझे घराणे मणियारांचे. माझी दादी बांगड्यांची दुरडी डोक्यावर घेऊन त्या भागातल्या खेड्यांतून फिरत असे. कुणबी, माळी, वंजारी, ब्राह्मण, कोणाच्याही ओसरीवर तिला बसायला पोते मिळे. बांगडी भरताना बाईचा हात मणियारणीच्या हातात असतो, आणि हात हातात असला की मनातल्या गोष्टीही बाहेर येतात. म्हणून लोणारच्या साऱ्या कहाण्या दादीला पाठ होत्या. त्या तिला कोणा पोथीतून मिळाल्या नव्हत्या, ओसरीवर मिळाल्या होत्या. रात्री आम्हा नातवंडांना ती त्या आपल्या दखनी बोलीत सांगे.

पहिली कहाणी लवणासुराची. हा दैत्य जमिनीखाली बिळात राही आणि वर येऊन लोकांना छळी. देवांनी विष्णूची विनवणी केली. विष्णूने दैत्यसूदन नावाच्या देखण्या तरुणाचे रूप घेतले. दैत्याच्या बहिणी त्याच्यावर भाळल्या आणि त्यांनी भावाच्या बिळाचा पत्ता सांगितला. दैत्यसूदनाने पायाच्या अंगठ्याने बिळावरचे झाकण उडवले व दैत्याला मारले. ते झाकण दूर जाऊन पडले, त्याची टेकडी झाली. ते बीळ म्हणजेच हे विवर, दैत्याचे रक्त म्हणजे तळ्याचे पाणी, आणि त्याचे मांस म्हणजे तळ्यातला खार. गावात दैत्यसूदनाचे जे कोरीव देऊळ आहे ते ह्याच कथेचे. दादी ही गोष्ट सांगून शेवटी हसे आणि हातातली बांगडी वाजवून म्हणे, "बेटा, उसी दैत्य के खार से अपनी रोटी पकी है."

दुसरी कहाणी सासू-सुनेच्या विहिरीची. खाली कमळजा देवीच्या देवळाजवळ तळ्याच्या काठी ही विहीर आहे. लोक सांगतात की तिचे अर्धे पाणी गोड आणि अर्धे खारे. आता गोड बाजू सासूची की सुनेची? दादी म्हणे, ज्या घरी बांगड्या भरायला बसावे त्या घरी उत्तर बदलते. सासू समोर असेल तर गोड पाणी सासूचे, आणि ती आत चहा करायला गेली की लगेच सुनेचे.

मित्रांनो, शाळेत जाऊ लागल्यावर मला ह्या कहाण्यांची लाज वाटू लागली. एकदा वर्गात गुरुजींनी विचारले, "लोणारचे तळे कसे झाले?" मी उठून लवणासुराची गोष्ट सांगितली. सारा वर्ग हसला. "मणियाराच्या पोरा, दैत्यामुळे कधी तळे होते काय?" असे गुरुजी म्हणाले. ते ज्वालामुखीमुळे झाले असे त्यांनी फळ्यावर लिहिले, ते मी उतरून घेतले. घरी आल्यावर दादीला सांगितले, "तुझ्या गोष्टी खोट्या आहेत." ती काही बोलली नाही. त्यानंतर मात्र तिने मला तळ्याची गोष्ट सांगितली नाही, आणि मीही विचारली नाही.

गंमत अशी की फळ्यावरचे ते उत्तरही पुढे चूक ठरले. सन १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्या विवराची नोंद केली. तेव्हापासून दीडशे वर्षे वाद चालला. भोवतालचा सारा खडक ज्वालामुखीच्या लाव्हाचा, म्हणून हेही ज्वालामुखीचे तोंड असावे, असे पुष्कळांना वाटे. सन १८९६ मध्ये गिल्बर्ट ह्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने अमेरिकेतील अॅरिझोनाच्या विवराशी ह्याची तुलना केली. पुढे विवराच्या तळात छिद्रे पाडून खोलवरचे दगड बाहेर काढले गेले. त्यांत असे काचेसारखे खनिज सापडले की जे केवळ प्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होते. १९७३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने हे विवर झाले, हे जगाने मान्य केले. हा आघात केव्हा झाला? आधी सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी असा अंदाज होता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीत तो सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा निघाला. बेसाल्ट खडकात अशनीने पाडलेली आणि इतकी चांगली टिकलेली विवरे पृथ्वीवर फारच थोडी आहेत. मंगळाचा पृष्ठभागही अशाच खडकाचा असल्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारचे दगड तपासतात.

आता दादीची गोष्ट पुन्हा आठवा. वरून कोणी तरी आला, जमिनीचे झाकण उडाले, खड्डा पडला, आणि झाकणाचे तुकडे दूर जाऊन पडले. ही गोष्ट म्हणजे शास्त्र, असे मी मुळीच म्हणत नाही. अशनी पडताना पाहणारा माणूस त्या काळी तेथे नव्हता. परंतु ज्याने ही गोष्ट प्रथम रचली, त्याने त्या काठावर उभे राहून नीट पाहिले होते, एवढे मात्र खरे. काठ उंचावलेला आहे, माती बाहेर फेकली गेली आहे, पाणी खारे आहे, हे सारे त्याने डोळ्यांनी टिपले आणि आपल्या परीने त्याचे कारण शोधले. फळ्यावरच्या उत्तराने ते तरी कोठे केले होते?

आणखी एका माणसाने हे तळे नोंदले, आणि त्याचे नाव आपण सर्वांनी लक्षात ठेवावे. अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने सिद्ध केलेल्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या माहितीत लोणार येते. ब्राह्मण ह्या स्थानाला विष्णुगया मानतात, हे तो आदराने लिहितो. तळे किती लांबरुंद, पाणी कसे खारे, त्यापासून काच आणि साबण करण्याचे द्रव्य कसे मिळते, आणि त्याचे सरकारात उत्पन्न कसे येते, हेही तो लिहितो. एका मुसलमान विद्वानाला दुसऱ्याची श्रद्धा लिहून ठेवताना कमीपणा वाटला नाही, आणि खार गोळा करणाऱ्यांचा धंदा लिहितानाही वाटला नाही. विद्या ती हीच.

हा खार म्हणजे त्या गावाचे जीवन होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की माणसे गुडघाभर, कमरभर पाण्यात उतरून तळाचा खार काढीत, काठावर वाळवीत. काच करताना वाळूत सोडा घातला की वाळू कमी आचेवर वितळते. म्हणून बांगड्यांच्या भट्ट्यांना ह्या खाराची गरज. साबणाला, कपडे रंगवण्याला हाच खार. आपल्या घरात पापडखार म्हणतात तो ह्याच जातीचा. ह्या मुलुखावर राज्ये बदलत गेली. १७२४ साली ह्याच जिल्ह्यात साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या राज्याचा पाया घातला. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९६० साली महाराष्ट्र झाला. पण तळ्यात उतरणाऱ्या माणसाचे काम तेच राहिले. ते संपले कारखान्यातल्या सोड्याने. तो स्वस्त आणि शुद्ध मिळू लागला. बांगड्याही फिरोजाबादहून पेट्या भरून येऊ लागल्या. तळ्यात उतरणारे पाय थांबले.

आता माझ्या चुकीकडे येतो. मी शिक्षक झालो, दादी वारली. १९८० नंतरच्या एका उन्हाळ्यात बाहेरगावचे एक वयस्क संशोधक लोणारला आले होते. मीही मुलांची सहल घेऊन तेथे गेलो होतो. ओळख झाली. त्यांनी मला विचारले, "येथे निघणाऱ्या खाराच्या निरनिराळ्या जाती होत्या. डल्ला, खुप्पल, पापडी अशी त्यांची नावे जुन्या पुस्तकांत आहेत. कोणता कोठे निघे, हाताला कसा लागे, बांगडीला कोणता चाले, हे सांगणारे कोणी आहे काय?" मी गप्प राहिलो. कारण ही नावे मी ऐकली होती. दादी बाजारात खाराची ढेप बोटांनी चुरगाळून, जिभेला लावून सांगत असे, हा भट्टीचा, हा धुण्याचा, हा पापडाचा. तिला ते तिच्या वडिलांनी शिकवले होते. ती माझ्या घरात होती, माझ्या शेजारी झोपत होती, आणि मला लिहिता येत होते. तिला लिहिता येत नव्हते. तरीही मी एक ओळ लिहून ठेवली नाही. का? कारण वर्ग हसला होता.

त्या संशोधकांनी मला काही दोष दिला नाही. "फार उशीर झाला," एवढेच ते म्हणाले. ते शब्द मी आजही विसरलेलो नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, तळ्याच्या काठची विद्या आम्ही जपली नाही, आणि शास्त्रातली विद्याही आम्ही आणली नाही. लोणारवर मोठे संशोधन झाले ते बहुतांशी बाहेरून आलेल्या लोकांनी केले. २०२० च्या जून महिन्यात तळ्याचे पाणी गुलाबी झाले. गावात नाना तर्क निघाले. कोणी शुभ म्हणाले, कोणी अशुभ. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले, तेव्हा कळले की पाणी कमी होऊन खारेपणा वाढला व त्यात मिठावर जगणारे सूक्ष्म जीव वाढले, त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर स्थळ म्हणून जगाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. सांडपाणी तळ्यात जाऊ नये, काठावरची वेडी बाभूळ काढावी, ह्यासाठी नागपूर खंडपीठात याचिका चालली. हे सारे चांगलेच झाले. पण मला वाटते, ते नमुने तपासणाऱ्यांत पुढच्या वेळी त्या काठावरची एखादी मुलगी का असू नये? एखाद्या मणियाराची, एखाद्या पिंजाऱ्याची, एखाद्या कुणब्याची?

पालकांना माझी विनंती आहे. मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर झाला तरच तो शिकला, असे समजू नका. भूगर्भशास्त्र, रसायन, वनस्पती, इतिहास हीसुद्धा शास्त्रे आहेत, आणि त्यांत आपली मुले फार थोडी आहेत. मुलीला दहावीनंतर घरी बसवू नका. माझ्या दादीला तीन गोष्टी येत होत्या: माणसे ओळखणे, खार ओळखणे आणि कहाणी सांगणे. तिला चौथी गोष्ट, म्हणजे लिहिणे, कोणी शिकवली असती, तर आज मी हे भाषण केले नसते, तिचे पुस्तक तुम्ही वाचले असते.

विद्यार्थ्यांना मी एक काम देऊन जाणार आहे, शिक्षकाची सवय सुटत नाही. ह्या सुट्टीत एक वही घ्या. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. आपल्या गावाचे तळे, विहीर, नदी, बाजार, दर्गा, देऊळ, आणि आपल्या घराण्याचा जुना धंदा, ह्यांविषयी जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. खरे की खोटे हे त्यांच्या तोंडावर ठरवू नका. ते तपासण्याची विद्या तुम्ही पुढे शिकालच. पण सांगणारा माणूस पुढे असेलच असे नाही. हत्यारांची नावे लिहा, मापे लिहा, मालाच्या जाती लिहा. सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. कोणी हसले तर हसू द्या.

लोणारच्या काठावर उभे राहिले की एका बाजूला गोड पाण्याची धार ऐकू येते आणि खाली खारे पाणी चकाकत असते. दोन्ही एकाच गावची. घरातली कहाणी आणि शाळेतले शास्त्र ही तशीच आहेत. एकासाठी दुसरे टाकून देण्याची चूक मी केली. ती तुम्ही करू नये, एवढीच माझी इच्छा आहे.